मोटार मागं जात नाही

समोरून मोटार आली म्हणून तुम्ही कधी चिखलात उतरलाय का? गुडघाभर चिखलात, डोक्यावरचं ओझं सावरत, आणि मोटारीतला माणूस तुमच्याकडं बघतसुद्धा नाही, असं? उतरला नसाल तर कोपरच्या आवडाबाईला हसायचा तुम्हाला हक्क नाही. आधी ऐका, मग हसा. गोष्ट हसण्यासारखीच आहे, त्याबद्दल वाद नाही.

कोपर गाव तेव्हा खाडीला चिकटून बसलेलं. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि दोन्हींच्या मधून डोंबिवलीकडं गेलेला एकच बांध. एक गाडी जाईल एवढा रुंद. समोरून दुसरी आली तर पंचाईत. मिठागरं आनंदरावांची. आनंदराव राहायचे ठाण्याला, तळ्याजवळच्या बंगल्यात, आणि आगर बघायला मोटारीनं यायचे. गाव त्यांना मालक म्हणायचं. भोंगा वाजला की बांधावरची माणसं आपोआप खाली उतरायची, जशी म्हशी पाणी दिसलं की उतरतात तशी. कुणी शिकवलं नव्हतं. असल्या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत, हीच तर चीड आणणारी गोष्ट आहे.

आवडा नाथाशी लग्न होऊन कोपरला आली आणि पहिल्याच हंगामात मिठाची टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून निघाली. भोंगा वाजला. पुढच्या मागच्या बाया उतरल्या. आवडा माहेरची दिवा गावाकडची, तिला ही रीत ठाऊक नव्हती. ती उभीच राहिली. तरण्या आनंदरावांनी खिडकीतून डोकं काढलं.

"अगं, बाजूला हो. मोटार मागं जात नाही."

आवडा उतरली. पाय निसटला. टोपली खाडीच्या पाण्यात गेली. मीठ पाण्यात पडलं की भांडून परत मिळत नाही. वर मुकादमानं शिव्या घातल्या, त्या वेगळ्याच.

त्या दिवशी ती नाथाला म्हणाली, "एक दिस ही मोटार मागं जावाला लावीन."

नाथा म्हणाला, "बरं."

नाथा जन्मभर एवढंच म्हणत आला. त्यामुळं त्यांचा संसार सुखाचा झाला.

आवडानं बांध सोडला. मोटारीसाठी पुन्हा उतरायचं नाही, म्हणजे बांधावर जायचंच नाही. कुठंही जायचं तर होडीनं. चुलत दिराच्या होडीत बसून ती वल्हं मारायला शिकली, भरती-ओहोटी शिकली, खाडीच्या तळाची रेती कुठं जाड आणि कुठं बारीक हेही शिकली. मग लढाई आली. कल्याणला लष्कराची छावणी उठली, तिला रेती लागली. लढाई संपली, मुंबईला इमले चढायला लागले, त्यांना रेती लागली. आवडाबाईच्या होड्या एकाच्या चार झाल्या, चाराच्या किती झाल्या ते तीच जाणे. लोक म्हणतात माणूस जिद्दीनं वर येतो. आवडाबाई रुसव्यानं वर आली.

इकडं देशात राजेही बदलले. संस्थानं खालसा झाली, राजे पेन्शनीत निघाले आणि त्यांच्या मोटारी विकायला आल्या. लांबलचक विलायती मोटारी, पितळी दिवे, चामड्याची गादी. त्या गोळा करणारे शौकीन निघाले. ठाण्यातले पहिले शौकीन आनंदराव. बंगल्यामागं पत्र्याची पडवी बांधून त्यांनी तिथं जुन्या मोटारी ओळीनं लावल्या. रोज सकाळी त्यांच्यामधून फिरायचे, देवळात फिरतात तसे. त्यांचा आवडता शब्द 'अस्सल'. तूप अस्सल, कंदी पेढा अस्सल, घराणं अस्सल. मोटारींतली सगळ्यात अस्सल एका राजाची गाडी, 'खात्रीच्या माणसाकडून' घेतलेली. तीच घेऊन ते आता आगरावर यायचे.

तो खात्रीचा माणूस म्हणजे महिपत. शहाडला नदीच्या अलीकडं त्याची पत्र्याची शेड होती. गडी घाटावरचा, लढाईत लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होता. लष्कर गेलं, महिपत राहिला. लिलावातल्या मोडक्या लॉऱ्या घ्यायचा, जोडायचा आणि विकायचा. राजांच्या मोटारींना गिऱ्हाईक आहे असं दिसल्यावर त्याच्या शेडमध्ये राजेही यायला लागले.

आवडाबाईच्या लेकीचं, शकूचं, लग्न ठरलं आणि आवडाबाई नाथाला घेऊन शहाडला गेली. तिला मोटार हवी होती. शेडच्या तोंडाशीच एक उभी होती. पिवळट पांढरी, नाकावर पितळेचा हत्ती.

"ही कुनाची?" आवडाबाईनं विचारलं.

"ती बघू नका बाई," महिपत म्हणाला. "ती इकायची न्हाय."

न विकायची वस्तू दारातच का ठेवली होती, हे कुणी विचारलं नाही. अशा वेळी कुणीच विचारत नाही, तुम्हीही विचारलं नसतं.

"राजाची हाय," महिपत आवाज खाली करून म्हणाला. "ह्या गाडीतनं राजानं वाघ मारलाय. ह्ये बघा." मागच्या दारावर चार लांब ओरखडे होते. "पट्टेरी वाघ. झेप घातली त्यानं."

नाथा ओरखड्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "मंग राजा कुठं होता?"

"आत."

"बरं."

आवडाबाईला वाघाशी कर्तव्य नव्हतं. तिनं एकच प्रश्न विचारला. "ही मागं जाते का?"

महिपतला वाटलं बाई गिअरचं विचारतेय. "जाते की. रिव्हर्स एकदम झ्याक."

"मंग नको. मना मागं जानारी नको."

महिपतनं आजवर हजार गिऱ्हाईकं बघितली होती, असं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं. पण धंदेवाईक माणूस, क्षणभरच अडखळला. "बाई, गिअर हाय म्हनून काय झालं? राजाची गाडी मागं कशाला जाईल? राजा कवा मागं गेलाय का?"

आवडाबाईच्या दोन होड्या गेल्या आणि मोटार कोपरला आली. चालवायला दगडू ठेवला. दगडू लढाईत लष्कराची लॉरी चालवायचा आणि राजाची मोटारही लॉरीसारखीच चालवायचा.

महिना झाला. मोटार खारं वारं खात अंगणात उभी राहायची आणि आवडाबाई रोज तिच्यातून बांधावर चक्कर मारायची. डोंबिवलीला काम असो नसो. ती एकाच भोंग्याची वाट बघत होती. एके दिवशी तो वाजला.

बांधाच्या बरोबर मध्यावर दोन मोटारी नाकाला नाक लावून थांबल्या. हत्तीसमोर हत्ती, पण ते बघायला त्या वेळी कुणाला सवड नव्हती.

"बाई, मालकांची गाडी हाय," दगडू म्हणाला. "मागं घेऊ?"

"हात लावून बघ त्या दांड्याला. हात कलमच करीन."

आनंदराव छडी टेकत उतरले. आवडाबाईही उतरली. मागून नाथा उतरला, कुठं उभं राहावं ते त्याला कळेना.

"ही कुणाची मोटार?"

"माजी."

"तुझी?" मग आनंदरावांनी तिच्या हातातल्या पाटल्या बघितल्या. "म्हणजे तुमची? घेतली कुठून बाई?" होड्या वाढल्या की 'अगं'चं 'बाई' होतं, हे कोपरनं त्या दिवशी बघितलं.

"राजाची हाय."

"कुठल्या राजाची?"

"खालसा जालेल्या. चालू राजे आता ऱ्हायले कुठं?"

आनंदरावांच्या मिशीखाली हसू आलं. "हे बघा बाई. राजाची मोटार असेल तर मी माझी मागं घेईन. गादीसमोर पाठ फिरवत नाहीत, मागं सरतात. ती रीत आमच्या घराण्याला ठाऊक आहे. पण खोटी निघाली तर?"

आवडाबाईला हे विचारायला कुठं हवं होतं? ती तर एवढ्याचसाठी जगली होती. "खोटी निघाली तं मी डोक्यावर टोपली घेऊन या बांधावरनं चालंन. तुमचा भोंगा वाजला का चिखलान उतरंन. आक्ख्या गावासमोर."

"आणि ठरवणार कोण?"

"तुमीच ठरवा. जानकार तुमी. शकूच्या हलदीला या, सावकास बघा."

बांधाखाली उभ्या माणसांनी नाथाकडं बघितलं. नाथा या वेळी 'बरं' म्हणाला नाही.

त्या दिवशी मागं कोण गेलं, तर कुणीच नाही. भरती आली, पाणी चाकांना लागलं. आनंदराव चालत डोंबिवलीकडं गेले, आवडाबाई चालत घराकडं आली. ओहोटीला दोन्ही ड्रायव्हरांनी एकमेकांच्या विड्या ओढल्या आणि एकाच वेळी, इंचाइंचानं, दोन्ही मोटारी मागं घेतल्या. ड्रायव्हर लोकांवर सोपवलं तर जगात लढाया होणार नाहीत.

हळदीचा दिवस उजाडला. दारात झावळ्यांचा मांडव पडला. आगऱ्यांच्या लग्नात भट येतो तो मागून, आधी धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नाचे धवले गाऊन सगळे विधी लावणारी बाई. पोथी नाही, पाटी नाही, सगळं तोंडात. कोपरची धवलारीण शेवंतीबाय, तोंडात दात नाहीत पण धवला असा म्हणायची की पलीकडच्या गावाला कळावं कोपरात लग्न आहे. तिच्या हाताखाली उखळाला हळद लागली, मुसळाला लागली, जात्याला लागली. शकू पाटावर बसलेली, कानापर्यंत पिवळी.

महिपतलाही मानाचं आवतण होतं. राजाची मोटार देणारा माणूस, त्याला वगळून कसं चालेल? तो पहिल्या पंगतीला वडे हाणत बसला होता. तेवढ्यात बांधावरून आनंदरावांची मोटार आली आणि अंगणात आवडाबाईच्या मोटारीशेजारी उभी राहिली. महिपतनं फेट्याचा शेव तोंडावर ओढून घेतला. बाकीच्यांना वाटलं, तिखट लागलं.

आनंदरावांनी खिशातून भिंग काढलं. दिवे बघितले. हत्ती बघितला. गादी दाबून बघितली, वास घेऊन बघितली. मोटारीखाली वाकून बघितलं, तेव्हा गावातली पोरंही त्यांच्याबरोबर वाकली. बघता बघता त्यांचा चेहरा उतरायला लागला. चूक सापडेना. सापडणार कशी? ते आपल्या मोटारीशी ताडून बघत होते आणि ही तंतोतंत तिच्यासारखी होती. दारावर ओरखडे दिसले तेव्हा त्यांनी विचारलं, "हा वाघ कसला?"

"पट्टेरी," आवडाबाई म्हणाली.

"माझाही पट्टेरीच," आनंदराव पुटपुटले.

एकाच जातीच्या वाघानं दोन मोटारींच्या एकाच दारावर चारच नखं मारावीत, याचं नवल वाटायला हवं होतं. पण जाणकाराची गंमत अशी असते, की त्याच्याजवळ जे आहे तेच त्याचं माप. माझी अस्सल, ही माझ्यासारखी, म्हणजे ही अस्सल.

ते सरळ उभे राहिले. आवडाबाईनं पदर कमरेला खोचला. आनंदरावांनी तोंड उघडलं, त्यातून 'अ' बाहेरही पडला. तेवढ्यात शेवंतीबाय हळदीची परात घेऊन पुढं आली, मागून दहाबारा बाया.

"अहो अहो, हे काय?" आनंदराव आडवे झाले. "मोटारीला हळद?"

"जी घरान आली ती घरची," शेवंतीबाय म्हणाली. "उखलाला लागली, जात्याला लागली. हिनं कोनचं पाप केलंय? सर बाजूला."

आयुष्यात आनंदरावांना पहिल्यांदाच कुणी बाजूला सर म्हटलं होतं. ते सरले.

बायांनी धवला म्हणत हळद चोळली. हळदीला आलेल्या बायांचे हात म्हणजे वल्ही मारलेले, मीठ ओढलेले हात. नाकापासून सुरुवात केली, पुढचा भाग पिवळाधमक झाला. मग मागं गेल्या. मागच्या दाराला हळद लागली आणि पिवळ्याचं केशरी झालं. केशरीचं लाल झालं. बघता बघता मागचा सगळा अर्धा भाग कुंकवाच्या करंड्यात बुडवल्यासारखा लालभडक. वाघाचे ओरखडे तर असे दिसायला लागले की आताच वाघ उडी मारून गेला.

"देवी आली," कुणीतरी म्हणालं. बाया हात जोडायला लागल्या. एक म्हातारी घुमायलाही लागली.

आवडाबाईनं हात जोडले नाहीत. घरचं कुंकू तिनं स्वतः केलेलं होतं. हळदीत चुना पडला की लाल होतं, हे कोपरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक, घुमणाऱ्या म्हातारीलासुद्धा. फक्त देवी आल्यावर चुन्याची आठवण कुणी काढत नाही. राजाच्या मोटारीत चुना कुठून आला?

आनंदरावांनी नख लावून लाल पोपडा काढला. आत विटा बांधतात तसा चुना, त्यात तागाच्या शेंड्या. त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"बाई, तुमच्या राजानं मोटारीला गिलावा केलेला दिसतोय. आता टोपली आणा."

"आये, नको," शकू पाटावरून उठली. हळदीतली नवरी पाटावरून उठत नाही, पण ती उठली.

आवडाबाई घरात गेली. माळ्यावरून टोपली काढली. कुठलीही नाही, तीच, ज्या टोपलीतलं मीठ खाडीत गेलं होतं ती. इतकी वर्षं तिनं ती टाकली नव्हती. नाथानं बायकोच्या डोक्यावर टोपली बघितली आणि तोंड फिरवलं. आनंदराव आपल्या मोटारीकडं निघाले, भोंगा वाजवायला.

"थांबा," आवडाबाई म्हणाली. "शब्द दिलाय तो पालते. पन हलदीच्या घरातनं पाहुन्याची गारी कोरी जात नाय."

हे तिनं डाव म्हणून केलं की रीत म्हणून, यावर कोपरात अजून दोन तट आहेत. तिला विचारलं तर ती म्हणते, "रीत म्हंजे तरी कं, डावच ना?"

"लावा की," आनंदराव खुशीत होते. "अस्सलाला भीती कसली?"

शेवंतीबायनं परात उचलली. आनंदरावांच्या मोटारीचं नाक पिवळं झालं. मग केशरी. मग लाल. पितळी हत्ती सोडला तर पुढचं एक बोटही पिवळं राहिलं नाही. मागं मात्र हळद पिवळीच्या पिवळी. आनंदरावांच्या हातातून भिंग पडलं.

आणि नाथाचा आवाज आला, आयुष्यातला सगळ्यात मोठा.

"बरं."

मग जो हशा उठला तो डोंबिवलीला ऐकू गेला असेल. शेवंतीबाय दोन्ही मोटारींच्या मध्ये उभी राहून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होती. "हिचं पुढलं पिवलं, मागलं लाल. त्याचं पुढलं लाल, मागलं पिवलं. ही तं जोडीची हाईत. यांचंच लगीन लावू का?"

महिपत तोवर पंगतीतून उठून कुंपणापर्यंत पोचला होता. दगडूनं त्याला कॉलरला धरून आणला. ड्रायव्हर माणसाला, गाडी कुणी जोडली ते लवकर कळतं.

"फसवलं न्हाय," महिपत हात जोडून म्हणाला. "राजाचीच गाडी हाय. देवाशपथ. पर गाडी एकच हुती, आन गिऱ्हाईकं दोन. मालकांस्नी न्हाय म्हनावं तर ठाण्याचा मोठा माणूस. बाईंस्नी न्हाय म्हनावं तर बाई आइकना. कुनाला नाराज करू? मागला अर्धा आदी मालकांस्नी दिला, उरलेला पुढला बाईंस्नी. बाकीचं लष्कराचं भंगार."

"आणि चुना?" आनंदराव ओरडले.

"भेगा बुजवाया. गवंड्याकडनं आनला. गूळ घालून मळला मालक, भक्कम हुतो."

"आणि वाघ?"

महिपतनं मान खाली घातली. "वाघ माझा. खुरप्यानं केला."

आनंदरावांनी रुमालानं कपाळ पुसलं. "ठीक आहे. दोन्ही खोट्या. पैज रद्द." ते मोटारीकडं वळले.

"रद्द कशी?" आवडाबाईच्या डोक्यावर टोपली तशीच होती, आवाज मात्र परत आला होता. "खोटी कशी? अर्धी खरी हाय. राजाचं तोंड माज्याकरं हाय, बूड तुमच्याकरं. कुनी पुढं जावाचं आन कुनी मागं, ते राजानंच ठरवलंय. गादीसमोर मागं सरतात, तुमीच बोललात ना? का ती रीतही चुन्याची?"

शिकलेल्या माणसाला उत्तर सुचलं नाही की तो घड्याळ बघतो. आनंदरावांनी घड्याळ बघितलं आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी लग्न. नवरदेवाला डोंबिवलीहून आणायला आवडाबाई मोटार घेऊन निघाली. हळद कुणी धुतली नव्हती. पुढं पिवळी, मागं लाल, अशी ती मोटार बांधावर आली तेव्हा सगळं गाव मागून चालत होतं, वाजंत्रीसकट. समोरून भोंगा वाजला. आनंदरावांना त्या दिवशी घरी बसता आलं असतं. पण घरी बसले असते तर ठाण्यापर्यंत बोभाटा झाला असता की मालक घाबरले. अब्रूदार माणसाला असं दोन्हीकडून धरतात.

बांधाच्या मध्यावर पुन्हा नाकाला नाक. आवडाबाई दगडूशेजारी बसलेली, मांडीवर टोपली. ती उतरली नाही. वाजंत्री थांबली.

आनंदरावांनी आपल्या मोटारीच्या लाल नाकाकडं बघितलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "मागं घे."

आणि मोटार मागं गेली. खरं सांगायचं तर फार सुरेख गेली. मागचा भाग राजाचा होता ना. कोपरच्या माणसांनी आनंदरावांचं तोंड दूर दूर जाताना पहिल्यांदा बघितलं. एवढ्यात बांधाखालच्या चिखलातून कुणीतरी वर चढायला लागलं. म्हातारा काळुराम. भोंगा ऐकून सवयीनं उतरला होता. "मी कशाला उतरलू?" तो स्वतःलाच विचारत होता.

आवडाबाईचं मन भरलं. इतक्या वर्षांचा सल गेला. "चल," ती दगडूला म्हणाली.

आनंदराव बांधाच्या टोकाला पोचून वळले आणि दिसेनासे झाले. तेवढ्यात आगराच्या बाजूनं एक बाई बांधावर चढली. नवीन लग्न झालेली असावी, हातात हिरवा चुडा, डोक्यावर मिठाची टोपली. समोर राजाची मोटार, मोटारीमागं वाजंत्री. दगडूनं भोंगा दाबला. बाईनं टोपली एका हातानं धरली आणि चिखलात उतरायला एक पाय खाली सोडला.

"भोंगा कुनी वाजवाला सांगितला?" आवडाबाई दगडूवर खेकसली. "मागं घे."

"बाई?" दगडूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुमीच बोललेला, हात कलम करीन."

"आता नाय घेतलीस तं करीन."

दगडूनं दांडा ओढला. मोटार कण्हली, थरथरली आणि मागं निघाली. मागून चालणारं गाव मागं सरलं, वाजंत्रीवाले एकमेकांच्या पायांवर पडले, वऱ्हाड मांडवापर्यंत माघारी आलं. महिपतनं रिव्हर्स झ्याक आहे म्हणून सांगितलं होतं. तेवढं एक त्यानं खरं सांगितलं होतं. चुना मात्र एवढे धक्के सोसेना. वाटेत मागचं एक दार खाडीत पडलं, वाघासकट. पुढं गिलाव्याचा एक मोठा तुकडा गळला आणि आतलं हिरवं लष्करी भंगार दिसायला लागलं.

ती बाई टोपली घेऊन बांधावरून सरळ चालत आली. मांडवाशी मोटारीजवळून जाताना तिनं आवडाबाईकडं बघितलं, लाल-पिवळ्या-हिरव्या मोटारीकडं बघितलं आणि हसू दाबत पुढं गेली. तिला काय कल्पना, की तिच्यासाठी कोण मागं गेलंय?

नाथा म्हणाला, "तू तर बोललीस मागं जानारी नको."

"ते मालकासाठी," आवडाबाई म्हणाली.

नवरदेव शेवटी पुढच्या गादीवर दगडू आणि सासू यांच्यामध्ये गुडघे हनुवटीला लावून आला. लग्न झालं. शकू सुखात आहे. मोटारीचा पुढचा अर्धा भाग अजून आवडाबाईच्या अंगणात आहे, त्यात कोंबड्या अंडी घालतात. मुंबईहून शौकीन येतात, हत्तीवरून हात फिरवतात, 'अस्सल' म्हणतात आणि किंमत विचारतात. ती विकत नाही.

तुम्हीही बघायला या. दिवाळीनंतर या, बांध सुकलेला असतो. किंमत विचारू नका, वाघाचं दार मागू नका. फक्त एवढं करा. बांधावर समोरून डोक्यावर टोपली घेतलेली बाई आली, तर तुम्ही उतरा.